दोन स्टीलच्या वाट्या

उदगीर, ४ डिसेंबर २०२४

चि. वर्षा,

आशीर्वाद. रागात असशील तरी घेऊन ठेव, आशीर्वाद नासत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र. इतकी वर्षं बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावली, आता माझी मी गिरवते.

तुझा राग खरा आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू पुढे वाचशील. घर सोडून गेल्यावर पहिल्यांदा तू आपणहून निरोप धाडलास. ‘दिवाळीनंतरच्या रविवारी हैदराबादला या. मियापूरला आमची मेट्रो संपते. मी एका टोकाच्या केबिनमधून उतरते आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाते. तुम्ही तिथं उभे राहा. बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसते उभे राहा.’ तो मेसेज मी तुझ्या अप्पांना वाचून दाखवला, आणि ऐकलं की नाही कळेना म्हणून पुन्हा वाचला. मला चिकनगुनियानं धरलेलं, पलंगावरून पाय खाली टाकायचा तर देवाचं नाव घ्यावं लागत होतं. तरी म्हटलं, तुम्ही बेगमबाजारात माल बघायला जाणारच आहात, तसेच जाऊन या. हो म्हणाले नाहीत, पण डबा पिशवीत ठेवू दिला. शेंगांच्या पोळ्या होत्या, तुला आवडतात तसा गूळ जरा जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी परत आले. डबा रिकामा.

“भेटली का?”

“न्हाई.”

“मंग पोळ्या?”

“संपल्या.”

एवढं बोलून हातपाय धुतले आणि दुकानात जाऊन बसले. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलते. तू फलाटावरून चालत गेलीस आणि तिथं कुणीच उभं नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांची बाजू घेत नाही मी. पण तुला माहीत आहे, त्यांचं वाकडं ‘डायव्हर’ या शब्दाशी आहे. तुमच्याकडे ट्रेन ऑपरेटर की काय म्हणतात, पण भांड्याच्या दुकानदाराला डायव्हर म्हणजे माल चेपवून आणणारा माणूस. टेम्पो दारात लागला की पाणी विचारायच्या आधी विचारतात, “वाजली का?” वाटेत भांडी वाजली नाहीत तर डायव्हर चांगला, वाजली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. नवा माणूस ठेवायचा झाला तर स्वतः शेजारी बसतात, मांडीवर दोन स्टीलच्या वाट्या एकीत एक ठेवतात आणि बिदर रोडनं चक्कर मारून आणतात. वाट्या खणखणल्या की नापास. आजवर त्यांच्या हातून कुणी पास झालेलं मला तरी आठवत नाही.

त्यात तुझी मेट्रोत निवड झाली. “लातूरला डिप्लोमा कराया लावला त्यो डायवर व्हायला का? लोकाला काय सांगू, लेक डायवर झाली म्हून?” असं ते म्हणाले, आणि तू म्हणालीस, “हाव, तेच सांगा.” सकाळच्या बसनं तू गेलीस. खाण तशी माती. हा हट्ट तू माझ्याकडून उचललेला नाहीस.

उत्तर दे. नाही दिलंस तर मी अजून लांब पत्र लिहीन.

तुझी अव्वा


उदगीर, २ जानेवारी २०२५

चि. वर्षा,

उत्तर आलं नाही, तेव्हा हे घे.

परवा अमावास्येला येळवस झाली. काकांच्या शेतात गेलो होतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं पोटभर. कडब्याच्या खोपीपुढे बसून तुझ्या अप्पांनी इतकी आंबील प्यायली की नंतर झाडाखाली आडवे झाले. मला वाटलं झोपले. तर डोळे मिटूनच विचारतात, “त्या गाडीला गेर असतो का?”

“कोणच्या गाडीला?”

“कोणच्या म्हंजे? त्या पुलावरल्या.”

मी म्हटलं, मला काय माहीत, ज्याला माहीत आहे तिला विचारा. मग घोरायला लागले. खोटं घोरणं मला ओळखू येतं, इतका संसार झालाय.

हे एकदाच नाही. ब्रेक हातानं असतो की पायानं, समोरून दुसरी गाडी आली तर काय, पाऊस झाला की रूळ घसरतात का, असं काहीबाही बाजूबाजूनं विचारत राहतात. मला राग येतो तो त्यांच्या काळजीचा नाही, त्यांच्या तऱ्हेचा. पोरीला एक फोन लावला तर सगळी उत्तरं मिळतील. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्यांनी हे तुला सांगू नको म्हटलंय. मी सांगत नाहीये, लिहितेय.

माझे गुडघे आता बरे आहेत. जिना चढते. म्हणजे तुमच्या त्या स्टेशनचाही चढेन. हे सहज लिहिलं.

तुझी अव्वा


नांदेड, १९ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षा,

हे पत्र मावशीच्या घरून लिहितेय. काल शिवमचं लग्न झालं. तुझी वाट सगळ्यांनी पाहिली. मावशीनं तुझ्यासाठी आहेराची साडी वेगळी काढून ठेवलीय, ती माझ्या बॅगेत आहे.

आता जे झालं ते नीट वाच.

जेवणं चालली होती. पुरुषांच्या पंगतीत नवरीकडचे एक भागवतराव म्हणून होते, अर्धापूरचे, केळीच्या बागा असलेले, आवाज मोठा. त्यांनी अप्पांना विचारलं, “रेवणप्पा, तुमची लेक काय करती म्हनं?” मी मठ्ठ्याचा जग घेऊन मागेच होते. मला उत्तर पाठ आहे. गेल्या दोन वर्षांत सगळ्यांना तेच गेलंय. अप्पा म्हणाले, “हैद्राबादला हाय. हापिसात.”

जग खाली आदळावा असं वाटलं मला. पण माझ्या आधी आपली साक्षी बोलली. नवऱ्या मुलाची बहीण, काल दिवसभर नुसती मिरवत होती. तिकडून जिलेबी वाढत आली आणि म्हणाली, “हापिसात कामून? वर्षाताई मेट्रो चालवती. माज्या मोबाइलमधी व्हिडिओ हाय.” आणि वाढणं सोडून तिनं मोबाइल भागवतरावांच्या नाकापुढे धरला. तुमच्याकडच्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ. तू निळ्या शर्टात केबिनच्या दारातून बाहेर बघतेस, हात वर करतेस आणि दार लागतं. एवढाच. मोबाइल पंगतभर फिरला. एक जण म्हणाला, पुन्हा लाव.

मला वाटलं, आता तुझे अप्पा पानावरून उठतात. तर भागवतराव केवढ्यांदा म्हणाले, “अरे, मग हे सांगायचं सोडून हापिस काय सांगायलाव? माजी लेक असती तर मी दुकानावर पाटी लावली असती!” सगळे हसले. कुणी कुजकं हसलं नाही वर्षा, मी सगळ्यांची तोंडं बघितली. अप्पांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यापासून लांब धरला आणि व्हिडिओ संपल्यावरही बघत राहिले. मग साक्षीला म्हणाले, “जिलेबी वाढ.” त्यांना गोड बंद आहे. त्यांनी तीन खाल्ल्या, आणि मी काही बोलले नाही.

रात्री मावशी मला म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही. मी म्हटलं, खरं आहे म्हणूनच तर त्रास आहे.

तुला राग येईल की भागवतरावांनी म्हटल्यावर त्यांना पटलं, तू म्हटल्यावर नाही. मलाही आला. पण रागावून मी आणि तू दोघी कुठवर पोचलो ते बघतेच आहेस.

तुझी अव्वा


उदगीर, ३ मार्च २०२५

वर्षा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस.

शिवरात्रीच्या पूजेनंतर तुझे अप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाले, “लिंगासाठी कापडाची पिशवी शिवून दे.” मी बघतच राहिले. त्यांच्या गळ्यातली चांदीची करडगी तू पाहिलीस तशी मीही पाहिलीय, लग्नापासून. त्यांच्या आजोबांची. इष्टलिंग त्यात असतं आणि ती त्यांनी आंघोळीलाही दूर केलेली नाही. मी विचारलं, कामून? म्हणाले, चांदी महाग झाली, चोरं वाढले. मी म्हटलं, चोर तुमच्या गळ्याशी येईस्तोवर मी काय झोपलेली असते का? तर चिडले. “शिवायची तर शीव, न्हाईतर शिंप्याकडं जातो.”

मी पांढरं खादीचं कापड घेऊन बसले. ते समोर बसून राहिले, दुकान कामाच्या पोरांवर सोडून. हे कधी होत नाही. मी मान खाली घालून टाके घालत होते आणि गप्प होते. गप्प बसलं की तुझे अप्पा बोलतात, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणाले, “त्या दिशी गेल्तो मी.”

“कुठं?”

“मियापूरला.”

मी सुई थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांनीही तोंड मिटलं असतं. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझं काही घालत नाही.

“जिना चढून वर गेलो. तिथं ती कमान असती, तिच्यातून जायचं. मी गेलो की ती वाजली. पुन्ना गेलो, पुन्ना वाजली. तिथला पोरगा चांगला व्हता, आवाज चढवून बोलला न्हाई. म्हनला, ‘चाचा, गले का निकाल के ट्रे में रखो.’ मी म्हनलं, ये नक्को निकालता मैं. ये भगवान है. आता त्याला काय ठाव, लिंग अंगावेगळं करायचं नसतं, परक्याच्या हातात द्यायचं नसतं? त्यो म्हनला, ‘तो साहब को पूछता मैं. अंदर किसके पास जाना है चाचा? कौन है आपका?’”

इथं थांबले. मी दोरा तोडला, नवा ओवला.

“मागं लोकं थांबलेली. समदे माज्याकडं बगायलेले. म्या म्हनलं असतं, माजी लेक गाडी चालवती, तर त्यानं साहेबाला बोलावलं असतं, साहेबानं मला वर नेलं असतं. तेवढंच म्हनायचं व्हतं. माज्या तोंडातून निघालं, ‘कोई नहीं.’”

कोई नहीं. हेच शब्द.

मग ते खाली उतरले. पोळ्यांचा डबा त्या पोराच्या हातात रिता केला. का, विचारलं तर म्हणाले, सकाळपासनं हुबा व्हता, उपाशी दिसला. नंतर रस्त्याच्या कडेला त्या मोठ्या खांबाखाली बसून राहिले. वरून गाड्या येत होत्या, जात होत्या. “तुज्या लेकीची कोनची ते कळंना,” म्हणाले. “म्हून समद्या बगितल्या.”

वर्षा, तू वर फलाटावर रिकाम्या जागेकडे बघत होतीस तेव्हा तुझा बाप खाली बसून प्रत्येक गाडीला मान वर करत होता. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. पण कुणीच आलं नव्हतं, एवढं मात्र आता मनातून काढून टाक.

पिशवी झाली आहे. मठातल्या स्वामींना विचारून घेतलं, ते म्हणाले, पूर्वी सगळे कापडातच बांधायचे, लिंगाला चांदी लागत नाही, माणसाला लागते. आतलं लिंग दगडाचं, वर काळ्या लेपाची कांती, दोरा सुती. कमान वाजायला काही उरलं नाही. आता सांग, ही पिशवी तुझे अप्पा चोरांसाठी घालतायत का?

तुझी ड्युटी कधी असते ते कळव.

तुझी अव्वा


उदगीर, ७ एप्रिल २०२५

चि. वर्षा,

आशीर्वाद. आता हे तरी तू सरळ घेशील.

तुझा मेसेज आला तेव्हा मी तो त्यांना वाचून दाखवला. ‘रविवारी सकाळी मियापूरला आहे. अप्पांना म्हणावं करडगीच घाला, मी गेटवर सांगून ठेवते.’ त्यावर तुझे अप्पा म्हणाले, “तिनं कामून सांगायचं? काई सांगू नको म्हनाव. माजं मी बगतो.” आणि पिशवीच गळ्यात घातली. मी मनात म्हटलं, बघतो म्हणजे काय बघतो? कमान वाजणार नाही, कुणी काही विचारणार नाही, हे गुपचूप आत जातील आणि गुपचूप बाहेर येतील. खरं सांगते, माझी अर्धी उमेद तिथंच गेली. मला त्यांना नुसतं आत पोचवायचं नव्हतं.

काल वर फलाटावर काय झालं ते तुला माहीत आहे. त्याच्या आधी खाली आणि नंतर गाडीच्या डब्यात काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितेय.

मी बायकांच्या बाजूनं तपासणी उरकून पलीकडे गेले आणि उभी राहिले. ते कमानीतून आले. ती वाजली नाही. पलीकडे पोळ्यांचा डबा मशीनमधून बाहेर आला, तो त्यांनी उचलला आणि माझ्याकडे चालायला लागले. दोन-तीन पावलं आले असतील, तर एकदम मागे फिरले. मला वाटलं काही विसरलं. ते सरळ त्या कमानीजवळच्या पोरापाशी गेले. तोच होता. त्यानंच आधी ओळखलं. म्हणाला, “अरे चाचा! वो मूंगफल्ली की रोटी वाले!”

अप्पांनी घसा साफ केला. आमच्या लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा असा साफ केला होता.

“बेटा, उस दिन तुम पूछे थे ना, कौन है आपका करके.”

“हौ चाचा.”

“मेरी बेटी है. ये गाडी चलाती. डिराइवर है.”

हळू नाही बोलले. दुकानात दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला भाव सांगतात त्या आवाजात. तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तो पोरगा आधी गोंधळला, मग त्याला सगळं उमगलं असावं, कारण तो म्हणाला, “उस दिन बोलना था ना चाचा!” अप्पा म्हणाले, “हाव. बोलना था.” आणि डब्यातल्या दोन पोळ्या त्याला कागदात बांधून दिल्या. मी भिंतीकडे तोंड करून पदर डोळ्याला लावला, तर ते मलाच म्हणतात, “चल, गाडी सुटंल.”

फलाटावर ते उभे राहिले ते नेमके बायकांच्या डब्यापुढे, आणि हलायला तयार नाहीत. तू सांगितलेली जागा हीच, म्हणे. मग तू आलीस. खांद्याला बॅग, केस बांधलेले, चालणं अगदी त्यांचं. तू ‘अप्पा’ म्हणालीस आणि न थांबता पुढे गेलीस. थांबायला वेळ नसतो, मला ठाऊक होतं, आणि तुझे डोळे भरले होते तेही दिसलं. ते काहीच बोलले नाहीत म्हणून तू मनाला लावून घेतलं असशील. घेऊ नकोस. त्यांना बोलवत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही झालं असतं आणि पुरुषमाणूस म्हणून ते त्यांना चाललं नसतं.

तुझ्या केबिनचं दार लागलं. आम्ही बायकांचा भाग सोडून मागच्या दारानं चढलो, मला जागा मिळाली, शेजारच्या मुलीनं उठून त्यांनाही दिली. आणि वर्षा, बसल्या बसल्या त्यांनी झब्ब्याच्या दोन खिशांतून दोन स्टीलच्या वाट्या काढल्या.

मी म्हटलं, “अवो, हे काय? लोकं बगायलेत!”

“बगू दी.”

एकीत एक ठेवून मांडीवर ठेवल्या. हात काढून घेतले. गाडी सुटली. मी कधी वाट्यांकडे बघत होते, कधी त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान जरा कलती केली होती, टेम्पोत करतात तशी. स्टेशनं येत होती, गाडी थांबत होती, माणसं चढत-उतरत होती, पुन्हा सुटत होती. प्रत्येक वेळी तू ब्रेक लावलास की माझा जीव वर यायचा. मी सगळी स्तोत्रं म्हटली. अमीरपेटला मोठी गर्दी आत घुसली, तेव्हा एकाचा धक्का त्यांच्या गुडघ्याला लागला, तर त्यांनी वाट्या दोन्ही हातांनी धरल्या आणि त्या माणसाला म्हणाले, “जरा संभाल के भाई, इम्तिहान चल रहा.” त्याला काय कळणार? तो नुसता हसला.

खाली सगळं हैदराबाद जात होतं, बेगमबाजाराकडचे रस्ते जात होते, जिथे ते आयुष्यभर माल आणायला गेले. त्यांनी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

शेवटचं स्टेशन आलं. गाडी हळू झाली, अजून हळू झाली आणि थांबली. कधी थांबली ते मला दारं उघडल्यावर कळलं. सगळे उतरले. अप्पा बसून होते. मग त्यांनी डोळे उघडले, वाट्या उचलल्या, एक एका खिशात, दुसरी दुसऱ्या खिशात ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

“शिवकांते, वाजली न्हाई बग.”

तुझी अव्वा